ज्याच्या कामाला आपण सहल म्हणतो

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येऊ लागली की मराठी वृत्तपत्रांची पाने परदेशी सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. बर्फाच्छादित शिखरे, हसरी कुटुंबे आणि खाली ‘सर्व काही समाविष्ट’ ही ग्वाही. या ‘सर्व काही’मध्ये विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली, न्याहारी आणि जेवण यांच्याबरोबर एक माणूसही समाविष्ट असतो, ही गोष्ट जाहिरात वाचताना आपल्या ध्यानात येत नाही. त्या माणसाला ‘टूर मॅनेजर’ म्हणतात. त्याच्याविषयी, आणि त्याच्या बाबतीत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, हे लिहीत आहे. चूक केवळ व्यक्तिगत असती तर ती या पानावर मांडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ती माझ्याकडून करवून घेणारी एक व्यवस्था आहे आणि आपल्यापैकी अनेकजण नकळत त्या व्यवस्थेचे हस्तक होत असतात, म्हणून हा प्रपंच.

मे २०२३ मध्ये पत्नी व मी युरोपच्या बारा दिवसांच्या सहलीला गेलो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतला एक वाटा त्यासाठी मोडला. चाळीस जणांचा गट होता. बहुतेक सारे आमच्यासारखेच. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आमच्याबरोबर आलेला टूर मॅनेजर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. सांगोला तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. चार वर्षे अष्टविनायक, कोकण, राजस्थान अशा बसगाड्या सांभाळल्यावर कंपनीने त्याला प्रथमच परदेशी पाठवले होते. मुंबईच्या विमानतळावर त्याला निरोप द्यायला आई-वडील आणि धाकटी बहीण गावाहून आली होती. वडिलांनी डोक्यावरचा फेटा नीट करून मुलासोबत छायाचित्र काढून घेतले. घराण्यातला विमानात बसणारा तो पहिलाच. त्या कुटुंबाच्या दृष्टीने मुलगा ‘फॉरेनला’ निघाला होता. कामाला निघाला आहे, हे बहुधा त्या क्षणी कोणाच्याच मनात नव्हते. माझ्याही नव्हते.

सहल सुरू झाली आणि त्याचे काम डोळ्यांसमोर उलगडू लागले. पहाटे सर्वांना उठवायचे. कोणाच्या खोलीचे दार उघडत नाही, कोणाच्या नळाला गरम पाणी नाही, ते पाहायचे. न्याहारीच्या वेळी जैन मंडळींना अंड्याचा स्पर्श नसलेले काय, हे हॉटेलवाल्याला समजावून सांगायचे. बसमध्ये डोकी मोजायची. एक डोके कमी भरले की दुकानांतून शोधत फिरायचे. स्वच्छतागृहासाठी लागणारी युरोची नाणी खिशात ठेवायची. पुढच्या गावच्या भारतीय खाणावळीला दूरध्वनी करून जेवण तयार ठेवायला सांगायचे. रात्री खोल्यांच्या किल्ल्या वाटून झाल्यावर दिवसाचा अहवाल व हिशेब मुंबईला पाठवायचा. हे सारे हसतमुखाने, काका-काकू अशी हाक मारीत. यातले एकही काम चाळिसांतल्या कोणाला ‘काम’ वाटत नव्हते, कारण ते आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी चालले होते. श्रमाची जागा रमणीय असली की श्रम दिसेनासा होतो.

पॅरिसहून स्वित्झर्लंडकडे निघालो त्या दिवशी एक प्रसंग घडला. आमचा बसचालक पोलंडचा, पन्नाशीतला, मितभाषी गृहस्थ. वाहतुकीच्या कोंडीमुळे आधीच उशीर झालेला. इतक्यात त्याने महामार्गालगतच्या थांब्यावर बस लावली, इंजिन बंद केले आणि पंचेचाळीस मिनिटे गाडी हलणार नाही असे खुणेने सांगितले. मंडळी चिडली. ‘आम्ही पैसे मोजलेत’ हे वाक्य त्या सहलीत मी तेव्हा प्रथम ऐकले. चालकाने शांतपणे समोरच्या यंत्राकडे बोट दाखवले. त्या यंत्राला टॅकोग्राफ म्हणतात. युरोपीय संघाच्या ५६१/२००६ क्रमांकाच्या नियमानुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवल्यावर किमान पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घेतलीच पाहिजे. दिवसाला सामान्यतः नऊ तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदा फार तर दहा. हे सारे त्या यंत्रात नोंदले जाते आणि रस्त्यावरचा कोणताही तपासनीस ते पाहू शकतो. चाळीस प्रवाशांची नाराजी त्या नोंदीपुढे शून्यवत होती.

या यंत्राचा इतिहास कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील मालमोटार चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून कडाडून विरोध केला होता. मालक आपल्यावर पाळत ठेवणार ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. परंतु कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असली की तोच हेर चालकाचा साक्षीदार होतो. मोजमाप कोणाच्या बाजूने आहे हे यंत्र ठरवीत नाही, कायदा ठरवतो. आणि कायदा कोणाच्या बाजूने झुकेल हे संघटना ठरवते.

ती पंचेचाळीस मिनिटे चालक कॉफी पीत बसला. त्याच्या शेजारच्या आसनावरून उतरलेला आमचा तरुण मात्र त्या वेळात रागावलेल्यांची समजूत काढत होता, मुक्कामाच्या हॉटेलला उशिराची वर्दी देत होता, जेवणाची वेळ पुढे ढकलत होता. एकाच बसमध्ये, एकाच काचेमागे दोन कामगार बसले होते. एकाचा प्रत्येक मिनिट मोजला जात होता आणि दुसऱ्याचा दिवस मोजणारे जगात कोणीही नव्हते. हा विचार मला त्या वेळी सुचला नाही. तो पुढे सुचला, आणि उशिरा सुचला.

इंटरलाकेनच्या मुक्कामात रात्री अकराच्या सुमारास गटातील एका वृद्ध बाईंना छातीत दुखू लागले. तो तरुण त्यांना व त्यांच्या यजमानांना घेऊन रुग्णालयात गेला. भाषा परकी, विमा कंपनीशी दूरध्वनीवरून बोलायचे, मुंबईच्या कचेरीला कळवायचे. बाईंचे दुखणे गंभीर नव्हते. पहाटे चारला ते तिघे परतले. सहा वाजता तो न्याहारीच्या दालनात उभा होता. त्या दिवशी युंगफ्राउयोखला जायचे होते. ३,४५४ मीटर उंचीवरचे ते रेल्वेस्थानक. वाटेत ध्वनिक्षेपक हातात घेऊन माहिती सांगताना तो दोनदा अडखळला आणि ती रेल्वे १९२१ मध्ये सुरू झाल्याचे सांगून गेला. मी लगेच दुरुस्ती केली : १९१२. तो ओशाळून ‘हो सर, चुकलं’ म्हणाला.

खरे म्हणजे मला त्याहूनही एक खंत वाटली होती. १८९६ पासून १९१२ पर्यंत सोळा वर्षे डोंगर पोखरून ही रेल्वे बांधणारे मजूर मुख्यतः इटालियन होते. थंडीत, सुरुंगांच्या धुरात त्यांनी तो बोगदा खणला. अपघातांत काहींचे प्राणही गेले. आमच्या तरुणाने त्यांच्याविषयी अवाक्षर काढले नाही. कंपनीने दिलेल्या टिपणात ते नसावे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या मला ही उणीव बोचली. बोगद्यातून जाताना मी पत्नीला त्या इटालियन मजुरांची हकीकत सविस्तर सांगितली. समोरच्या आसनावर तो तरुण काचेला डोके टेकवून, हातात चाळीस तिकिटांचा गठ्ठा घट्ट धरून झोपला होता. शंभर वर्षांपूर्वीचा मजूर मला दिसत होता. समोरचा दिसत नव्हता.

सहलीच्या अखेरच्या रात्री अभिप्रायाचे छापील पत्रक आले. हॉटेल, भोजन, वाहन यांच्या जोडीला टूर मॅनेजरच्या नावापुढेही रकाने होते : वर्तन, वक्तशीरपणा, माहिती. उत्तम, चांगले, साधारण, असमाधानकारक. मी पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि कोणालाही पैकीच्या पैकी गुण न देण्याबद्दल विद्यार्थ्यांत माझी ख्याती होती. त्याच सवयीने, निर्मळ मनाने, वर्तनाला ‘उत्तम’, वक्तशीरपणाला ‘चांगले’ आणि माहितीला ‘साधारण’ अशा खुणा केल्या. वर एक ओळही लिहिली की इतिहासाचा अधिक अभ्यास आवश्यक आहे. प्रामाणिकपणे तपासल्याचे समाधान घेऊन मी झोपलो.

त्या वर्षीच्या दिवाळीत तो आमच्या घरी फराळाला आला. सहलीत काकूंची ओळख झाली होती. त्यांच्यासाठी शेतातली डाळिंबे घेऊन आला. बोलता बोलता कळले की परदेशी सहलीवरच्या माणसाचे मूळ वेतन जेमतेम असते, वर प्रोत्साहनभत्ता मिळतो आणि तो अभिप्रायाच्या सरासरीवर अवलंबून असतो. ‘चांगले’ म्हणजे कंपनीच्या लेखी नापास. ‘साधारण’ म्हणजे तक्रार. त्या सहलीचा भत्ता त्याला मिळाला नव्हता आणि पुढच्या हंगामात त्याला पुन्हा देशांतर्गत बसवर पाठवण्यात आले होते. ‘कोणी काय लिहिलं ते आम्हाला दाखवत नाहीत, सर,’ तो म्हणाला. माझे अक्षर त्यात होते हे मी त्याला त्याच बैठकीत सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग मलाच समजावू लागला : ‘तुम्ही खरं तेच लिहिलंत. साल चुकलंच होतं माझं.’ रुग्णालयाच्या रात्रीचा उल्लेख त्याने केला नाही. पत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.

आता या घटनेचा अर्थ लावू. संघटित सहलीच्या धंद्याचा आरंभ सामान्यतः १८४१ पासून मोजतात. सुतारकाम करणारा, मद्यपानविरोधी चळवळीतला टॉमस कुक त्या वर्षी काहीशे लोकांना रेल्वेने लेस्टरहून लाफबरोला घेऊन गेला. पुढे १८५५ मध्ये त्याने आपली पहिली मंडळी युरोपात नेली आणि १८८१ मध्ये त्याच्या पेढीची कचेरी मुंबईत उघडली. त्या आरंभीच्या सहलींत पाहुण्यांबरोबर खुद्द कुक जात असे. म्हणजे पहिला टूर मॅनेजर हा मालकच होता. त्याचे जागरण त्याच्या नफ्यासाठी होते. धंदा वाढला, मालक कचेरीत बसला आणि ते जागरण पगारी माणसाकडे आले. परंतु जबाबदारीची कल्पना मात्र मालकाचीच राहिली : चोवीस तास, सर्व गोष्टींसाठी. मालकाची जबाबदारी आणि नोकराचे वेतन यांच्या या सांध्यातच सारा अन्याय दडला आहे.

दुसरी गोष्ट देखरेखीची. कारखान्यात मुकादम असतो. त्याच्याशी भांडता येते, त्याच्याविरुद्ध संप करता येतो. हजारो मैल दूर असलेल्या नोकरावर मुकादम कसा नेमायचा? या धंद्याने त्यावर मोठा स्वस्त उपाय शोधला. त्याने ग्राहकालाच मुकादम केले. मुकादमाला पगार द्यावा लागतो. येथे मुकादम स्वतःच पैसे भरून येतो. चाळीस मुकादम, आणि एकाही मुकादमाला आपण मुकादम आहोत याची जाणीव नाही. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्ये विमानातील सेविकांचा अभ्यास करून दाखवले की अशा व्यवसायांत हसू आणि आपुलकी हीसुद्धा विकायची वस्तू होते. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की त्या वस्तूचा तोलमापक म्हणून ग्राहकाला बसवले जाते आणि त्याच्या हातातल्या वजनांवर काय कोरले आहे हे त्यालाही सांगितले जात नाही.

बक्षिसीची तऱ्हा तीच. प्रत्येक प्रवाशाकडून दिवसाला इतके युरो ‘टिप’ म्हणून आधीच गोळा केले जातात आणि त्या आशेवर मूळ वेतन तोकडे ठेवले जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ मध्ये हॉटेल व उपाहारगृहांतील कामगारांविषयी १७२ क्रमांकाचा करार संमत केला. बक्षिसी मिळो वा न मिळो, कामगाराला ठरावीक काळाने मूळ वेतन मिळालेच पाहिजे, हे त्यातले तत्त्व. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. तो टूर मॅनेजरांना उद्देशून नसला तरी तत्त्व त्यांना तंतोतंत लागू पडते.

यावर कोणी विचारील की आपल्याकडे कायदे नाहीत काय? आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर असे नियम केले. (दिवसाचे नऊ तास दहावर नेण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केला, हा विषय वेगळा आणि तितकाच गंभीर.) परंतु याच अधिनियमाने व्यवस्थापकीय व पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदांना वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही व्यवस्थापकीय काम करणारा ‘कामगार’ ठरत नाही, आणि दरमहा अठरा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही ठरत नाही. मग ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, जो कोणाला नेमू शकत नाही की काढू शकत नाही, त्याला ‘मॅनेजर’ का म्हणायचे याचा उलगडा होतो. मोठेपणाचा तो शब्द तासांच्या मर्यादेतून सुटण्याची पळवाट होऊन बसतो. पदनाम काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे हे पाहावे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे; पण त्यासाठी कोणीतरी न्यायालयापर्यंत जावे लागते.

या व्याख्यांचा फटका आम्हा शिक्षकांनाही बसला होता. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याखालील ‘वर्कमन’ नाहीत असा निर्णय दिला. परंतु निराश होण्याचे कारण नाही, कारण उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी बॅग घेऊन गावोगाव हिंडत. त्यांचे तास कोणी मोजत नसे आणि कायदा त्यांना कामगार मानत नसे. त्यांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षे लढा दिला, आणि १९७६ मध्ये संसदेला विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे तो २०२० च्या श्रमसंहितांत विलीन झाला, तरी ‘कामगार’ या व्याख्येत त्यांचा उल्लेख टिकून राहिला. फिरतीवरच्या, एकेकट्या काम करणाऱ्या, सूट-टाय घातलेल्या माणसांची संघटना होऊ शकत नाही, हे म्हणणे त्यांनी खोटे पाडले आहे.

काही मित्र म्हणतील की सुखवस्तू मध्यमवर्गाच्या परदेशवाऱ्यांची चिंता समाजवाद्यांनी का करावी? मला हा आक्षेप मान्य नाही. सुट्टी आणि प्रवास ही श्रीमंतांची मिरासदारी मोडण्याचे काम कामगार चळवळीनेच केले. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये लेआँ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने त्यांच्यासाठी सवलतीची रेल्वे तिकिटे काढली. कित्येक कामगारांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. आयुष्यभर नोकरी करून साठीनंतर आल्प्स पाहणारा कारकून हा शत्रू नव्हे. प्रश्न एवढाच आहे की एका श्रमिकाची विश्रांती दुसऱ्या श्रमिकाच्या झोपेतून कापून द्यायची काय?

दुसरा आक्षेप अधिक पसरलेला आहे : ‘एवढ्या लहान वयात फुकट जग पाहायला मिळते, आणखी काय हवे?’ तो तरुण चार तास पॅरिसमध्ये होता तेव्हा त्याने पॅरिस पाहिले नाही. त्याने चाळीस डोकी पाहिली. लूव्हरच्या दाराशी तो आमच्या पिशव्या राखत बसला होता. आणि २०२० मध्ये साथीने जग बंद झाले तेव्हा या ‘भाग्यवंतां’चे काय झाले? केंद्रीय पर्यटन मंत्रालयासाठी झालेल्या अभ्यासानुसार २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीतच या क्षेत्रातील सुमारे १ कोटी ४५ लाख रोजगार गेले. आमचा तरुण तेव्हा नुकताच या धंद्यात आला होता. ते वर्ष त्याने वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत काढले, बिनपगारी.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पदनाम काहीही असो, सहलीवरच्या कर्मचाऱ्याला कामगार मानावे. दिवसाच्या कामाचे तास लेखी ठरवून त्यांची नोंद ठेवावी, आणि रात्री उठावे लागल्यास त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी विश्रांतीने करावी. ठरावीक संख्येवरच्या गटाबरोबर दोन माणसे पाठवावीत. बक्षिसी वेतनात धरू नये. ग्राहकांचे अभिप्राय कर्मचाऱ्याला दाखवावेत, आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याच्या वेतनाला वा नेमणुकीला हात लावू नये. यात क्रांतिकारक असे काही नाही. पोलंडच्या त्या बसचालकाला यापेक्षा अधिक मिळते.

आपल्या शहरांतील कार्यकर्त्यांना एक विनंती. दादर, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे अशा कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. पावसाळ्याच्या महिन्यांत या मुलांची कामे बरीच ओसरतात आणि ती गावी किंवा भाड्याच्या खोलीत असतात. तेवढ्या काळात त्यांना गाठा. प्रथम संघटनेची भाषा बोलू नका. शेवटच्या सहलीत किती तास झोपलात, एवढेच विचारा. उत्तर ऐकल्यावर पुढचे बोलणे आपोआप सुचेल.

आणि जे वाचक स्वतः सहलीला जाणार आहेत त्यांना माझ्यासारख्या जुन्या परीक्षकाचे सांगणे आहे. ते पत्रक तुमच्या हाती येईल तेव्हा ते उत्तरपत्रिका समजू नका. तो एका माणसाच्या मजुरीचा हिशेब आहे, आणि तो कोणत्या दराने मांडला जातो हे तुम्हाला सांगितलेले नाही. ‘हा अभिप्राय वेतनाशी जोडला आहे काय?’ असा प्रश्न त्याच पत्रकावर लिहून सही करा आणि कंपनीकडून उत्तर मागा. चाळिसांपैकी दहांनी जरी असे विचारले तरी कंपनीला उत्तर द्यावे लागेल. मी विचारले नाही. मी फक्त साल दुरुस्त केले.